माती हवी, गादीही हवी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. बँकेतल्या माणसाला पंचवीस वर्षे म्हटली की मुदत ठेव आठवते. पण आज मी व्याजाचे गणित मांडणार नाही. सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘आरोग्य आणि आधुनिक साधने’. मी होकार दिला त्याला एक कारण आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येतो आहे. मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकायचे, वर पत्र्याची शेड घालायची, ट्रेडमिल आणि सायकली आणायच्या आणि मुलांसाठी कृत्रिम गवतावर बंदिस्त नेट उभारायची, असा तो ठराव आहे. ज्यांनी तो मांडला त्यांचा हेतू चांगला आहे, हे मी आधीच सांगतो. माझे म्हणणे एवढेच की, हात वर करण्यापूर्वी आपण काय मिळवतो आणि काय घालवतो याचा हिशेब एकदा मांडून बघू.

सुरुवात आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यापासून करतो. पूर्वी कट्ट्यावर विचारपूस असायची ती ‘कसं काय, बरं आहे ना?’ अशी. आता विचारतात, ‘आज किती झाली?’ पावलं! मुलांनी, सुनांनी, परदेशातल्या नातवंडांनी प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ बांधलं आहे. एक गृहस्थ रात्री दहा वाजता पॅसेजमध्ये फेऱ्या मारताना दिसले. मी म्हटलं, झोप येत नाही का? म्हणाले, ‘येतेय हो, पण सहाशे बाकी आहेत.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा सकाळी प्रसन्न चेहऱ्यानं खाली आल्या. झोप छान झाली म्हणाल्या. मग घड्याळात बघितलं, तर झोपेला शंभरपैकी बासष्ट मार्क! झालं, दिवसभर काकूंना थकवा. अहो, झोप तुमची, अंग तुमचं, आणि निकाल देणार घड्याळ?

हसू नका, यात गंभीर गोष्ट आहे. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं. त्यानंतर १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो जगभर पसरला. तो कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलेला नव्हता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक महिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास गेल्यावर आणखी फरक दिसेनासा झाला. तेव्हा पॅसेजमधल्या त्या गृहस्थांनी सहाशे पावलं उद्यावर टाकून खुशाल झोपायला हरकत नाही.

याचा अर्थ घड्याळ काढून फेका असा नाही. मी पासबुकावर पोट भरलेला माणूस आहे. मोजमापाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. रक्तदाब, साखर, हृदयाचे ठोके हे मोजायलाच हवं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिवसातून दोनदा मोजा. माझं म्हणणं वेगळं आहे. पासबुकात काय जमा झालं ते कळतं. पैसा मिळवायची हिंमत माणसात कुठून आली, ते त्यात छापलेलं नसतं. तसंच शरीराचं आणि मनाचं आहे. टिकून राहायची ताकद ज्या अनुभवातून येते, तो पुष्कळदा आपल्या हातात नसतो. ऊन, पाऊस, चिखल, चढ, हार, अनोळखी माणूस यातलं काहीच ॲपमध्ये आधी ठरवून ठेवता येत नाही.

आता मी तुम्हाला आपल्याच भागातली उदाहरणं देतो. मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनं सांगलीला आणलं आणि सांगलीनं ठेवून घेतलं. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा अभिमान बाळगायचा परवाना माझ्याकडे आहे.

कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथं १९२६ मध्ये खाशाबा जाधव जन्मले. तालमीतल्या तांबड्या मातीत वाढलेला हा पैलवान. तालमीची माती म्हणजे नुसती माती नव्हे, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवावी लागते. ती कधी ओली, कधी कोरडी, कधी पाय धरते, कधी सोडते. तिच्यावर रोज पडायचं आणि रोज उठायचं. १९४८ मध्ये खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तिथं गादी होती, म्हणजे मॅट. मातीतल्या पैलवानाला ती नवीन. नियम नवीन, पाय टाकायची पद्धत नवीन. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. त्या हारीनं ते खचले नाहीत आणि ‘आमची मातीच बरी’ म्हणून रुसूनही बसले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी जोमानं तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं. तब्बल चव्वेचाळीस वर्षे!

त्या हेलसिंकीच्या प्रवासाची एक गोष्ट बँकवाल्याला विसरता येत नाही. पैसे कमी पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आम्ही बँकेत कर्ज देताना उत्पन्न बघायचो, तारण बघायचो, जामीनदार बघायचो. ते बघायलाच हवं, नाहीतर बँक बुडेल. पण खर्डेकरांनी त्या पोरात जे बघितलं, त्याला आमच्या कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता.

तर मंडळी, माती की गादी? आपल्या कुस्तीनं याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. महाराष्ट्र केसरीला दोन विभाग असतात. मातीचा वेगळा, गादीचा वेगळा. दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात आणि गदा एकाच्या खांद्यावर जाते. २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्याला झाली, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण गाड्या करून गेले होते. माती मोडीत काढा असं तिथं कोणी म्हणत नाही, आणि गादी नको असंही कोणी म्हणत नाही.

कोणी म्हणेल, आजोबा, हे जुनं झालं. मग अलीकडचं घ्या. ५ ऑगस्ट २०२३, बर्लिन, तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. साताऱ्याची अदिती स्वामी, वय वर्षे सतरा, अंतिम फेरीत मेक्सिकोच्या खेळाडूला १४९ विरुद्ध १४७ अशी हरवून जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा, पण साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. दोघांचे गुरू एकच, प्रवीण सावंत.

या दोघांच्या हातातलं धनुष्य म्हणजे रामायणातलं धनुष्य नव्हे. त्याला कंपाउंड म्हणतात. दोन्ही टोकांना चाकं असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार एकदम हलका होतो आणि नेम स्थिर धरता येतो. नेमाला भिंग असतं. त्यातच गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा असतो, धनुष्य तिरकं होतंय का ते दाखवणारा. दोरी बोटांनी सोडायची नाही, त्याला वेगळा खटका. थोडक्यात, यंत्रच म्हणा ना. पन्नास मीटरवर लक्ष्य आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. एका बाणाला वीस सेकंद.

पण ऐका. एवढ्या यंत्राला वारा अडवता येत नाही. बाण सुटला की तो वाऱ्याच्या स्वाधीन. आणि स्पर्धेत धनुष्यावर कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण लावायला परवानगी नसते. वारा किती, कुठून, थांबायचं की सोडायचं, हे त्या पोरीनं वीस सेकंदांत स्वतः ठरवायचं. ते कुठं शिकली? साताऱ्यात, उसाच्या शेतांना लागून असलेल्या मोकळ्या मैदानावर. साताऱ्याचा वारा मला माहीत आहे. सकाळी एक, दुपारी दुसरा, पाऊस आला की तिसराच. उत्तम यंत्र हातात होतं, आणि वारा कुणाच्याच हातात नव्हता. ही दोन्ही एकत्र आली तेव्हा जगज्जेतेपद मिळालं. नुसतं धनुष्य घेऊन बंद खोलीत बसली असती, तर नेम बसला असता, पण वारा कळला नसता. आणि नुसता वारा खात बसली असती, तर सांगायलाच नको.

आता सांगलीची गोष्ट. यात खेळ नाही, पण कसोटी त्याहून मोठी होती.

ऑगस्ट २०१९. आपल्यापैकी कोणीच तो आठवडा विसरलेलं नाही. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीत त्या दिवसांत एकच प्रश्न असतो, ‘पूल किती झाला?’ दर तासाला आकडा यायचा आणि सगळं शहर त्यावर कान लावून बसायचं. तो आकडा हवाच होता. त्याच्याचमुळे आपण वेळेत गाड्या हलवल्या, वेळेत पिठाचे डबे वर नेले. पुलावरच्या त्या मोजपट्टीला मी आजही हात जोडतो.

पण मग आपल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. वीज गेली. लिफ्ट बंद, पंप बंद. दुसऱ्या दिवशी मोबाइल मान टाकून पडले, एटीएम बंद, आणि मनगटावरची घड्याळंसुद्धा काळी पडली. आकडे सांगणारं काही उरलंच नाही. तेव्हा काय कामाला आलं? दुसऱ्या विंगमध्ये कोणत्या आजोबांना जिना उतरता येत नाही, कोणाची इन्शुलिन फ्रीजमध्ये आहे, कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे आणि दूध किती शिल्लक आहे, हे ज्यांना तोंडपाठ होतं, ती माणसं कामाला आली. त्या आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरांनी अंधारात जिन्यावरून उतरवलं आणि होडीपर्यंत नेलं. कोण होती ती पोरं? मागच्या मातीत रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळणारी, आणि ज्यांच्या आरडाओरड्याबद्दल आपण सेक्रेटरींकडे लेखी तक्रारी केल्या होत्या, तीच! एकमेकांना न बोलता बॉल द्यायची सवय होती, म्हणून एकमेकांना न बोलता खुर्ची देता आली. कोणाच्या खांद्यात किती जोर आहे, कोण घाबरतो, कोण शेवटपर्यंत सोडत नाही, हे त्यांना एकमेकांबद्दल माहीत होतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मातीत पडताना आणि एकमेकांना उठवताना ते आपोआप कळलेलं होतं.

२०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा त्याच पोरांनी मजल्यांनुसार याद्या करून ठेवल्या होत्या. बघा, अनुभवातून शहाणपण आलं आणि शहाणपणातून कागदावर यादी आली. मोजमाप आणि अनुभव यांचं भांडण नाहीच मुळी. क्रम मात्र लक्षात ठेवायला हवा.

आता पालकांना दोन शब्द. तुम्ही मुलांसाठी खूप करता. आमच्या वेळी असं कोणी केलं नाही. क्लास, अकादमी, बॅटचा वेग मोजणारं ॲप, धावण्याचा आलेख, सगळं आहे. पण मला एक सांगा, मुलाच्या दिवसात असा एखादा तास आहे का, ज्याचा निकाल कुठंच नोंदला जात नाही? ज्यात तो हरला तर कुठल्या ग्रुपवर दिसत नाही, आणि जिंकला तर प्रमाणपत्र मिळत नाही? ज्यात भांडण झालं तर मोठ्यांनी न सोडवता त्यांचं त्यांनी सोडवायचं?

आपली स्मृती मानधना याच सांगलीत वाढली. भावाला महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघाकडून खेळताना बघून तिला क्रिकेटची ओढ लागली. नवव्या वर्षी पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली. २०१३ मध्ये तिनं वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. आज तिच्या प्रत्येक चेंडूचं विश्लेषण संगणकावर होत असणार, आणि व्हायलाच पाहिजे. पण भावामागं मैदानावर जाणाऱ्या लहान मुलीच्या मनात जी ओढ उत्पन्न झाली, ती कुठल्या संगणकानं सुचवली नव्हती. ओढ आधी, आलेख नंतर. आलेख आधी दिला तर कधी कधी ओढच लागत नाही.

आणि आपण ज्येष्ठ? आपल्यालाही माती हवी. गुळगुळीत फरशीवर आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पाय एकाच चालीनं पडतो. खडबडीत जमिनीवर प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. घोट्याला, नजरेला, तोलाला जागं राहावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारून, काठी घेऊन, कुणाचा हात धरून चालावं. तसा हात धरण्यानंही पुष्कळ काही बरं होतं, असा माझा अनुभव आहे.

आता ठरावाकडे येतो. नुसतं ‘नको’ म्हणणं सोपं असतं, म्हणून मी पर्याय देतो.

एक, जिम व्हावी. पण ती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्हावी. हा हॉल वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतो. शिवाय मागच्या जागेत २०१९ ला किती पाणी होतं, त्याची खूण भिंतीवर अजून आहे. लाखो रुपयांची यंत्रं त्या खुणेच्या खाली मांडणं कुठल्याही बँक अधिकाऱ्याला मंजूर होणार नाही.

दोन, मागची माती तशीच राहावी. पेव्हर ब्लॉक नकोत, शेड नको. कडुलिंबाचं झाड आहे, तीच शेड पुरे. वर्षातून एकदा जमीन सारखी करावी, काचा-खिळे वेचावेत, एक दिवा लावावा आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. खर्च एवढाच. सिंकिंग फंडाला हात लावावा लागणार नाही.

तीन, दर रविवारी संध्याकाळी एक तास सगळ्यांनी मागच्या जागेत यायचं. घड्याळ, मोबाइल घरी ठेवून. लगोरी खेळा, व्हॉलीबॉल खेळा, नुसत्या गप्पा मारा. कोणी गुण लिहायचे नाहीत, कोणी फोटो टाकायचे नाहीत. पाऊस आला तर भिजायचं. सर्दी झाली तर काढा करून द्यायला माझ्या घरचे तयार आहेत. मी त्यांना विचारलेलं आहे.

पुढे पूर येईल, आजारपण येईल, पोरांच्या परीक्षेत अपयश येईल, कुणाची नोकरी जाईल. काय येईल आणि कधी येईल, हे सांगणारं घड्याळ अजून निघालेलं नाही. पण आलं तर शेजारी कोण उभं राहील, हे आपल्या सोसायटीत आजवर मागच्या जागेत ठरत आलं आहे. पंचवीस वर्षांत आपण भिंतींना तीनदा रंग दिला, लिफ्ट बदलली, पाण्याची टाकी वाढवली. ही सगळी मालमत्ता ताळेबंदात आहे. मागची मोकळी जागा मात्र ताळेबंदात ‘रिकामी’ म्हणून दाखवली आहे. सभेत हात वर करताना एवढंच आठवा की ती रिकामी नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन, पण पुढच्या रांगेतले हे बालमित्र असतील. त्यांच्या गुडघ्याला थोडी माती लागलेली असू द्या.